स्वर्गाची आशा एकत्र शिकताना : शोकग्रस्तांसाठीच्या दहा आठवड्यांच्या अभ्यासवर्गाचे परीक्षण

माझा थोरला भाऊ प्रभूमध्ये निजला, त्याला पाच महिने झाले होते. एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकांनी माझ्या हातात एक अर्ज ठेवला. शेजारच्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रिय माणूस गमावलेल्या विश्वासणाऱ्यांसाठी दहा आठवड्यांचा अभ्यासवर्ग सुरू होत होता आणि त्याचा विषय होता ख्रिस्ती माणसाची स्वर्गाची आशा. त्या काळात मी शेवटच्या बाकावर बसत असे आणि शेवटचे गीत सुरू होण्यापूर्वी उठून जात असे, कारण भाऊ कॉयरमध्ये खालच्या पट्टीत गात असे आणि त्या पट्टीची जागा मला प्रत्येक गीतात रिकामी ऐकू येई. अर्ज आठवडाभर टेबलावर तसाच पडून होता. अखेरीस मी गेलो, दहाही सत्रे पूर्ण केली आणि आता त्याला काही महिने उलटल्यावर, अशा वर्गाला जावे की नाही या विचारात असलेल्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. वर्ग चालवणाऱ्या मंडळीचे नाव मी देत नाही, कारण काही उणिवाही लिहायच्या आहेत. शिवाय असे वर्ग अनेक मंडळ्या थोड्याफार फरकाने चालवतात, तेव्हा त्यांत काय पाहून घ्यावे हे कळणे अधिक गरजेचे आहे.

वर्गाची मांडणी साधी होती. आम्ही चौदा जण होतो आणि आठवड्यातून एकदा दोन तास जमत होतो. पहिला पाऊण तास वचनाचा अभ्यास, त्यानंतर चौघा-पाचांच्या गटात बोलणे आणि शेवटी प्रार्थना, असा क्रम असे. वर्ग घेणाऱ्या दोन व्यक्तींपैकी एक बाई सेवानिवृत्त परिचारिका होत्या आणि दुसरे गृहस्थ त्याच मंडळीतील ‘वडील’, म्हणजे मंडळीची देखरेख करणारे ज्येष्ठ सभासद होते. प्रत्येकाला एक पुस्तिका मिळाली, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाला मंडळीतील एक जोडीदार नेमून देण्यात आला. हा जोडीदार वर्गात बसणारा नव्हता. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी फोन करणे एवढेच त्याचे काम होते. नावनोंदणी करताना मला ही व्यवस्था अनावश्यक वाटली होती. आज मागे वळून पाहता, या वर्गातून एकच गोष्ट टिकवायची असे कोणी म्हटले, तर मी तीच टिकवीन.

पहिल्या सत्रातील अभ्यास मला अजून जसाच्या तसा आठवतो. पुस्तिकेच्या एका पानावर पाच उतारे छापले होते. लूक 23:43 मध्ये वधस्तंभावरील गुन्हेगाराला प्रभूने दिलेले वचन होते, योहान 14:3 मध्ये पित्याच्या घरातील जागेविषयीचे आश्वासन, तर योहान 17:24 मध्ये प्रभूची प्रार्थना. त्यापुढे फिलिप्पैकरांस 1:23 मध्ये पौलाची येथून सुटून जाण्याची उत्कंठा आणि शेवटी 1 थेस्सलनीकाकरांस 4:17. आम्हाला सांगण्यात आले की या उताऱ्यांत स्वर्ग कसा दिसतो याचे जे वर्णन असेल, त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा. सगळ्यांनी पेन्सिली उचलल्या आणि दोन-तीन मिनिटांनी एकेक जण वर पाहू लागला, कारण रेघ ओढण्याजोगे जवळजवळ काहीच सापडत नव्हते. मग त्या बाई म्हणाल्या, “आता ‘बरोबर’ आणि ‘जवळ’ या शब्दांखाली रेघा ओढा.” पान भरून गेले. माझ्याबरोबर सुखलोकात, मी असेन तेथे तुम्हीही, ख्रिस्ताजवळ, त्यांच्याबरोबर, सर्वदा प्रभूजवळ. मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये गेलेलो आहे, यांतील तीन वचने तोंडपाठ आहेत, तरी नवा करार स्वर्गाविषयी बोलताना ‘कुठे’पेक्षा ‘कोणाबरोबर’ यावर इतका भर देतो हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते. पुढच्या नऊ आठवड्यांचा पाया या एका पानावर घातला गेला.

याच सत्रात ‘स्वर्ग’ या शब्दाविषयी थोडी चर्चा झाली, ती मराठीतून बायबल वाचणाऱ्याला विशेष उपयोगाची आहे. हा शब्द आपल्या भाषेत फार जुना आहे आणि त्याला जुन्या कल्पना चिकटलेल्या आहेत. पुण्याच्या साठ्यावर मिळणारे सुखाचे ठिकाण आणि तो साठा संपला की तेथून परत येणे, ही त्यांतली एक. अनेक ख्रिस्ती घरांतही “त्याने पुष्कळ चांगली कामे केली, त्याला स्वर्ग मिळालाच असेल” असे सहज बोलले जाते, आणि बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही की कृपेची जागा हिशेबाने घेतली आहे. ज्याच्यापाशी दाखवण्यासारखे एकही काम उरले नव्हते, ज्याचे हात खिळलेले होते, त्या गुन्हेगाराला ‘आज’ म्हणून वचन मिळाले. भावाच्या अंत्यविधीनंतर मी स्वतः त्याची चांगली कामे मोजत बसलो होतो. ती मोजणी त्या संध्याकाळी थांबली.

दुसऱ्या आठवड्यात थेस्सलनीका येथील मंडळीचा प्रश्न घेतला होता. पौलाचे हे पत्र इ.स. 50 च्या सुमाराचे, म्हणजे नव्या करारातील अगदी सुरुवातीच्या लिखाणांपैकी आहे. मंडळी नवी होती, प्रभूचे येणे लवकर होईल या अपेक्षेत होती, आणि एवढ्यात तिच्यातील काही माणसे मरण पावली. उरलेल्यांना धास्ती पडली की गेलेली माणसे त्या दिवसाला मुकली. पौल त्यांना खेद करू नका असे सांगत नाही, ज्यांना आशा नाही अशांसारखा खेद करू नका असे सांगतो, आणि या दोहोंत केवढे अंतर आहे हे वर्गात फार चांगले उलगडून दाखवले गेले. मेलेल्यांसाठी तो ‘निजलेले’ हा शब्द योजतो. इंग्रजीत दफनभूमीला रूढ असलेला ‘सेमेटरी’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचाही अर्थ निजण्याची जागा असाच होतो. हा परिच्छेद संपतो तो मात्र एका आज्ञेने : या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा. पौलाने प्रत्येकाला आपापल्या घरी बसून हे वाचून शांत व्हा असे लिहिलेले नाही, एकाने दुसऱ्याला ते बोलून दाखवायचे आहे.

त्याच दिवशी गटात एक प्रसंग घडला. आमच्यातील एका तरुण आईने आपले बाळ गमावले होते. बोलता बोलता तिला रडू कोसळले, आणि शेजारी बसलेले गृहस्थ मनापासून म्हणाले, “देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात.” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले असते, बहुधा बोललेलेही असते. वर्ग घेणाऱ्या बाईंनी त्यांना टोकले नाही. थोडा वेळ जाऊ दिला आणि मग योहानाच्या 11 व्या अध्यायातील लाजराच्या कबरेजवळचा प्रसंग वाचायला घेतला. लाजराला आपण थोड्याच वेळात उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होते आणि तरीही तो रडला. त्या म्हणाल्या, “ज्याच्या हातात पुनरुत्थान होते, त्यालाही घाई झाली नाही. आपणही घाई करू नये.” ते गृहस्थ त्या आईकडे वळले आणि म्हणाले, “पोरी, मला काय बोलावे ते कळत नव्हते म्हणून बोललो.” ती फक्त मान हलवून “असू द्या, काका” म्हणाली. सांत्वन कसे करावे यावर स्वतंत्र सत्र ठेवले असते, तरी त्यातून आम्ही एवढे शिकलो असतो असे मला वाटत नाही.

तिसरा आठवडा पुनरुत्थित देहाचा होता. माझ्या मते अभ्यासाच्या दृष्टीने हे सर्वांत भरीव सत्र. मरणानंतर आत्मा कोठेतरी तरंगत राहतो, एवढीच पुष्कळांची समजूत असते. मतांगीकारात, म्हणजे उपासनेत सर्वांनी मिळून म्हणण्याच्या विश्वासाच्या कबुलीत, आपण दर रविवारी शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याचे म्हणतो आणि घरी जाताना ते विसरतो. वर्गात दोन टप्पे स्पष्ट करून सांगितले : मरण पावलेला विश्वासणारा ख्रिस्ताजवळ आहे हे खरे, पण ती शेवटची अवस्था नव्हे, तर त्याचे शरीरही उठायचे आहे आणि सृष्टीही नवी व्हायची आहे. 1 करिंथकरांस 15 मधील बी आणि रोप यांचा दाखला घेतला गेला. मग पुनरुत्थित प्रभूविषयी शुभवर्तमाने जे सांगतात ते एकेक करून फळ्यावर लिहिले. मरीयेने त्याला ओळखले ते नावाने हाक मारल्यावर. शिष्यांसमोर त्याने भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. थोमाला त्याने हातांतील व्रण दाखवले. व्रण राहिले होते, पण दुखत नव्हते. माझ्या भावाच्या कपाळावर लहानपणी विटीचा मार लागून पडलेली एक खूण होती, आणि ती खूण माझ्याच हातून झालेली होती. घरी जाताना सारी वाट मी तिचाच विचार करत होतो, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याविषयी विचार करताना मला पुढच्या काळातले क्रियापद वापरता आले.

चौथ्या आठवड्यात ज्या प्रश्नाची मी मनातून वाट पाहत होतो तो दुसऱ्याच कोणी विचारला. वर्गात एक सत्तरीचे विधुर होते, सहसा काही बोलत नसत. त्यांनी मत्तय 22:30 काढून पुढे केले, पुनरुत्थानानंतर लग्न करत नाहीत आणि करून देत नाहीत हे वचन, आणि विचारले, “म्हणजे माझी बायको मला तेथे माझी म्हणून भेटणार नाही का? तसे असेल तर मला स्पष्ट सांगा, गोड करून सांगू नका.” खोली एकदम शांत झाली. वर्ग घेणाऱ्या वडिलांनी त्यांच्याकडूनच संपूर्ण उतारा वाचून घेतला. पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकींनी सात भावांची गोष्ट रचून घातलेला हा पेच आहे. प्रभू त्यांना उत्तर देताना लग्नाची व्यवस्था तेथे नाही असे सांगतो, पण कोणी कोणाला ओळखणार नाही असे सांगत नाही. लगेच पुढे तो अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव अशी तीन नावे घेतो आणि तो मेलेल्यांचा नव्हे तर जिवंतांचा देव आहे असे म्हणतो. वडील म्हणाले, “नावे पुसलेली नाहीत. तेथे तुमची प्रीती कमी होईल असे मला वचनात कुठेही दिसत नाही. पण ते नाते कसे असेल हे प्रभूने उलगडून सांगितलेले नाही, म्हणून मीही सांगत नाही.” विधुर काका बराच वेळ पानाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “एवढे पुरे आहे.” अशा वर्गाची परीक्षा माझ्या मते येथेच होते. वचन जेथे बोलते तेथे नि:संकोच बोलावे आणि जेथे ते थांबते तेथे थांबावे, हे दु:खी माणसासमोर फार अवघड असते. हे दोघे ते निभावून नेत होते.

आता जोडीदाराविषयी. माझ्या वाट्याला आलेले काका निवृत्त शिक्षक होते आणि त्यांना कमी ऐकू येत असे, त्यामुळे ते फोनवर फार मोठ्याने बोलत. दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता फोन वाजायचा. पहिला प्रश्न ठरलेला असे, “आज जेवलास का?” आणि शेवटी ते एक स्तोत्र वाचत. मला ऐकू जावे म्हणून नव्हे, तर स्वत:ला ऐकू यावे म्हणून इतके मोठ्याने वाचत की मी फोन कानापासून दूर धरत असे. एका बुधवारी, भावाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मी फोन उचलला खरा, पण बोलण्याची ताकद नव्हती. काका म्हणाले, “तुला आज बोलायचे नसेल तर नको बोलूस. मी वाचतो, तू नुसता लाइनवर राहा.” आणि त्यांनी 88 वे स्तोत्र वाचले, जे अंधारातच संपते, शेवटी आशेची एकही ओळ येत नाही. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “हेही देवाच्याच पुस्तकात आहे बरं,” आणि फोन ठेवला. मंडळीतील सहभागिता म्हणजे काय, यावर मी पुष्कळ उपदेश ऐकलेले आहेत. प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये पहिल्या मंडळीच्या ज्या चार गोष्टी सांगितल्या आहेत, म्हणजे प्रेषितांचे शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना, त्यांत शिक्षणाच्या खालोखाल सहवासाचा उल्लेख का यावा हे मला त्या चार-पाच मिनिटांत समजले.

पाचव्या सत्रात ‘पवित्र जनांची सहभागिता’ या मतांगीकारातील शब्दांचा अभ्यास होता, आणि येथे इतिहासातील दोन प्रसंग सांगितले गेले ते मला विशेष भावले. दुसऱ्या शतकात स्मुर्णा येथील बिशप पॉलिकार्प यांना चितेवर चढवून मारण्यात आले, तेव्हा त्या मंडळीने दुसऱ्या मंडळ्यांना पत्र लिहून सर्व हकीकत कळवली, आणि त्यांच्या मृत्यूचा दिवस आपण दरवर्षी एकत्र जमून त्यांचा जन्मदिवस म्हणून पाळू असे लिहिले. दुसरा प्रसंग मोनिका आणि त्यांचा मुलगा, पुढे मंडळीचे थोर शिक्षक झालेले ऑगस्टीन, यांचा. इ.स. 387 मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात, घरच्या वाटेवर असताना, दोघे खिडकीशी उभे राहून पवित्र जनांचे सार्वकालिक जीवन कसे असेल याविषयी बोलत होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोनिका आजारी पडल्या आणि वारल्या. आपला देह कोठेही पुरा, पण तुम्ही जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच त्यांनी मुलांना सांगितले. मायलेकांनी स्वर्गाविषयी बोलावे, एकमेकांशी बोलावे, आणि तेही वियोगाच्या अगदी उंबरठ्यावर, हे चित्र माझ्या मनातून गेलेले नाही. भावाशी मी या विषयावर एकदाही बोललो नाही. तो आजारी असताना आम्ही औषधे, तपासण्या आणि घरच्या कामांविषयीच बोलत राहिलो.

मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही याबाबत मंडळ्यांत मतभेद आहेत. रोमन कॅथोलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा ती करतात, बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या करत नाहीत. आमच्या वर्गात दोन्ही परंपरांतील माणसे होती. वर्गाने हा मुद्दा दहा मिनिटांत आणि आदराने मांडून पुढे नेला, ते योग्यच झाले असे मला वाटते. त्याऐवजी वेळ दिला तो इब्री लोकांस पत्राच्या 11 व्या अध्यायाच्या शेवटच्या वचनाला, जेथे म्हटले आहे की पूर्वीच्या विश्वासणाऱ्यांनी आपल्यावाचून पूर्ण होऊ नये अशी देवाची योजना आहे. ते अजून आपली वाट पाहत आहेत. आपण मागे राहिलेले आणि ते पुढे गेलेले, एवढेच मी आजवर धरून चाललो होतो. पुढे गेलेल्यांची पूर्णताही आपल्यासाठी थांबलेली आहे, हे ऐकताना समोरच्या रांगेतील त्या तरुण आईने वही मिटून छातीशी धरली.

उणिवा लिहिताना हात थोडा आखडतो, पण त्या लिहिल्याच पाहिजेत. सहाव्या आठवड्यात मी प्रकृतीमुळे जाऊ शकलो नाही आणि फोनवरून लिंक उघडून सत्राला बसलो. व्याख्यान नीट ऐकू आले, पण गटात बोलणे सुरू होताच नुसता गलका कानी पडू लागला, आणि प्रार्थनेच्या वेळी मी जोडलेलो आहे हे बहुधा कोणाच्या लक्षातच राहिले नाही. त्या दिवशी मला माहिती मिळाली, यापलीकडे काही मिळाले नाही. ज्यांना खरोखर घराबाहेर पडता येत नाही अशांसाठी मंडळीने वेगळा लहान गट करावा. मोठ्या वर्गाला कॅमेरा जोडून ते काम होत नाही. पुस्तिकेची छपाई फार बारीक आहे. अशा वर्गात वयस्कर माणसे अधिक असणार हे उघड असताना ती मोठ्या अक्षरांत हवी होती. आमच्या विधुर काकांना प्रत्येक उतारा कोणीतरी वाचून दाखवावा लागे.

सातव्या आठवड्याची उणीव याहून गंभीर होती. विषय न्यायाचा होता आणि तो घेण्यासाठी बाहेरून एका वक्त्यांना बोलावले होते. एका भगिनीने विचारले की तिचे वडील विश्वासात नव्हते, मग तिने त्यांच्याविषयी काय आशा धरावी. वक्त्यांनी तीन-चार वचने भराभर सांगितली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. वचने खरी होती, पण ती उत्तर म्हणून फेकली गेली. न्याय हा विषय टाळावा असे मी मुळीच म्हणत नाही, कारण प्रभूने तो टाळलेला नाही. पण अब्राहामाने सदोमासाठी रदबदली करताना सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तेच करणार नाही काय असे विचारले, तसे देवासमोर उभे राहून विचारण्याची जागा तरी त्या भगिनीला मिळायला हवी होती. नंतर वर्ग घेणाऱ्या बाईंनी तिला घरी जाऊन भेट दिली असे तिनेच आम्हाला सांगितले. तरी ज्या सर्वांसमोर तो प्रश्न अधांतरी राहिला, त्या सर्वांसमोर तो पुन्हा घ्यायला हवा होता. सहा आठवडे एकमेकांबरोबर रडलेल्या माणसांपुढे अनोळखी वक्ता उभा करणे हीच मुळात चूक होती, असे माझे मत आहे.

आठवा आणि नववा आठवडा प्रकटीकरणाच्या 21 आणि 22 व्या अध्यायांना दिलेला होता, आणि येथे वर्ग पुन्हा आपल्या मूळ सुरावर आला. सोन्याचे रस्ते आणि मोत्यांच्या वेशी यांवर मी पूर्वी कंटाळा येईपर्यंत ऐकलेले आहे. या वर्गात मापांकडे लक्ष वेधले गेले. नगराची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, प्रत्येकी 12,000 स्टॅडिया (लांबीचे जुने ग्रीक माप), म्हणजे ते एक प्रचंड घन आहे. शलमोनाच्या मंदिरातील परमपवित्र स्थानही असेच लांबी-रुंदी-उंचीला सारखे, प्रत्येकी 20 हात होते. त्या स्थानात वर्षातून एकदाच, तेही एकट्या महायाजकाने जायचे. आता ते स्थान वाढून अख्खे नगर झाले आहे, आणि तेथे सर्व राष्ट्रांतील लोक वावरतात. म्हणूनच योहानाला तेथे वेगळे मंदिर दिसत नाही. बारा वेशी आहेत आणि त्या दिवसा कधीच बंद होत नाहीत, रात्र तर तेथे नाहीच. नव्या कराराने आपल्या आशेला दिलेले शेवटचे रूप नगराचे आहे, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे. एकट्याने पोहोचून एकट्यानेच सुख भोगण्याचे ठिकाण ते नव्हे. देव त्यांच्या डोळ्यांतील अश्रू पुसून टाकील या वचनापाशी वर्ग घेणाऱ्या बाई एवढेच म्हणाल्या की आपण अनेक वर्षे रुग्णांचे डोळे पुसले आहेत, आणि डोळे पुसायचे तर अगदी जवळ जावे लागते.

दहाव्या सत्रात अभ्यास नव्हता, प्रभुभोजन होते, म्हणजे प्रभूच्या आठवणीसाठी सर्वांनी मिळून भाकर आणि द्राक्षारस घेणे. “तो येईपर्यंत” हे शब्द आले तेव्हा, मतांगीकाराच्या अभ्यासात शिकलेले सर्व काही माझ्या मनात एका जागी आले. जोडीदारांनाही त्या दिवशी बोलावले होते, आणि काका माझ्या शेजारी बसले होते. शेवटच्या गीताला मी उठून गेलो नाही. काकांना वाद्य नीट ऐकू येत नसल्यामुळे ते सुराच्या बरेच खाली आणि सर्वांच्या अर्धी ओळ मागे गात होते, पण आवाज भरदार होता. त्या संपूर्ण गीतात मला खालच्या पट्टीची जागा रिकामी वाटली नाही.

कोणी जावे याविषयी माझे मत असे. मृत्यूला अगदी थोडे दिवस झाले असतील तर थोडे थांबावे, पहिले काही आठवडे घरच्यांनी आणि पाळकांनी जवळ बसण्याचे असतात, वर्गाचे नव्हेत. ज्यांना केवळ अंतकाळाच्या घटनाक्रमाविषयी वादविवाद ऐकायचे आहेत त्यांची येथे निराशा होईल. ज्यांचा मंडळीशी संबंध सैल झाला आहे, ज्यांना शेवटच्या बाकावर बसणे सोपे वाटू लागले आहे, त्यांनी अवश्य जावे, आणि नावनोंदणी करताना जोडीदाराची व्यवस्था आहे का हे आधी विचारून घ्यावे. ती नसेल तर मागावी. मंडळीला माझी एक सूचना आहे : दहावे सत्र संपल्यावर सर्व जण अचानक विखुरले जातात, पुढे कोणी चौकशी करत नाही. आमच्यातील पाच जणांनी आपण होऊन महिन्यातून एकदा भेटणे सुरू ठेवले आहे, पण ते प्रत्येकाच्या धडपडीवर सोडू नये.

वर्गाची पुढची तुकडी लवकरच सुरू होत आहे. जोडीदारांच्या यादीत मी नाव दिले होते, आणि मला एका तरुणाचा क्रमांक मिळाला आहे, त्याचे वडील गेल्या वर्षी वारले. पहिला फोन येत्या बुधवारी करायचा आहे. कोणते स्तोत्र वाचावे हे मी काकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की आधी तो जेवला का ते विचार.